अनुचित वर्तन

हे लिहिताना मी कुणाचंही नाव घेणार नाही. कायद्यानं ते घेता येत नाही, हे एक कारण. दुसरं असं की जिच्याबद्दल लिहिते आहे तिला मी आधी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिव, पन माजा नाव नको. कंपनीचा पन नको. पोरी अजून काम करतान तिथं."

अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा होता. मासळी साफ करायची, कापायची, बर्फात भरायची आणि मोबाइलवर मागवणाऱ्यांच्या घरी पाठवायची, हे कंपनीचं काम. खाली स्टीलच्या लांब टेबलांवर बायका कापायला उभ्या असत. बहुतेक जणी वेसावे आणि मढच्या. वर पोटमाळ्यावर ऑफिस होतं आणि तिथे मनुष्यबळ विभागात मी सहायक होते. ती माझी पहिली नोकरी.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. इंग्रजी बेताचं, ओळखी नाहीत. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे अर्ज लिहिण्याची हातोटी. गल्लीत कुणाला रेशनकार्डाचा, वीजबिलाचा, दाखल्याचा अर्ज लिहायचा असला की तो आमच्या ओट्यावर यायचा. "वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की" इथून मी सुरू करायची. माणसं भांडून, शिव्या देऊन सांगायची आणि मी त्यातून शिव्या काढून स्वच्छ कागद त्यांच्या हातात द्यायची. मराठीच्या सरांनी शिकवलं होतं की अर्जात राग दिसता कामा नये. ते मी मनावर घेतलं होतं.

नोकरीला सहा महिने झाले तेव्हा आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला अंतर्गत समितीवर घेतलं. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर तिची तक्रार ऐकायला कंपनीत अशी समिती असावीच लागते. मॅडम अध्यक्ष, हिशेब खात्यातले एक सर सदस्य, बाहेरच्या सदस्य म्हणून घाटकोपरच्या एका महिला संस्थेतल्या वयस्कर बाई, आणि चौथी मी. "तुझं मराठी चांगलं आहे, खालच्या बायकांशी तू बोल," असं मॅडम म्हणाल्या. मला फार अभिमान वाटला. रात्री कांदिवलीच्या खोलीवरून आईला फोन केला. ती म्हणाली, "समिती म्हणजे आपल्या गावातली तंटामुक्ती का गं?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

कायद्याप्रमाणे बायकांना माहिती द्यायची असते. मी तीन दिवस खपून भाषण लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत बायका डबे उघडून बसल्या आणि मी उभी राहून "प्रतिकूल कार्यवातावरण", "अशाब्दिक वर्तन" वगैरे वाचून दाखवलं. एकीनं विचारलं, "बाय, झाला का? तिकडं बर्फ वितलतंय." सगळ्या हसल्या. मग मढची एक ताई, चाळिशीच्या आसपासची, तोंडातला घास संपवून म्हणाली, "ता सगला ऱ्हाव दे. कोनी अंगाला हात लावला तं काय करायचा, तेवढा सांग."

"तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची, ताई."

"लेखी?" ती शेजारणीकडे बघून म्हणाली. "म्हंजे आपल्याला हात लावनाऱ्यानं आदी शालेत घालाया पायजे."

पुन्हा हशा झाला. मीही हसले. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची असते, हे मी तेव्हा सांगितलं. "मी लिहून देईन," असंही म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले होते.

पाळी सुटताना दाराशी झडती व्हायची. कोळंबी, पापलेट कुणी अॅप्रनखाली घालून नेत नाही ना, हे बघायला. सकाळच्या पाळीला एक महिला सुरक्षारक्षक होती. दुपारच्या पाळीला नव्हती. तेव्हा सुपरवायझरच झडती घ्यायचे. दर तिमाहीला मी एक तक्ता भरत असे. त्यात एक रकाना होता: महिला सुरक्षारक्षक आहे का? मी "आहे" लिहायचे. एक होती, त्यामुळे ते खोटं नव्हतं, असं मला वाटायचं.

सुपरवायझरांना मी काका म्हणायचे. मूळचे सिंधुदुर्गातले, वडील गिरणीत होते. पहिल्या आठवड्यात मासळीच्या वासानं मला उलट्या झाल्या तेव्हा त्यांनीच लवंग आणून दिली. "चघळत ऱ्हव गो, चार दिवसांत नाक मरतला," म्हणाले. माझ्या मापाचे गमबूट त्यांनीच शोधून आणले. मुंबईत माझी चौकशी करणारं पहिलं माणूस तेच.

मढची ताई दुपारच्या पाळीला असायची. एका दुपारी काम सोडून ती जिना चढून वर आली. ती अजून गमबुटांतच होती आणि फरशीवर ओले ठसे उमटत होते. ऑफिसात मी एकटीच होते. ती खुर्चीवर बसली नाही.

"लिव," ती म्हणाली.

मी कागद घेतला. ती सांगू लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "झडती घेतो ना, तवा त्यानं माज्या ब्लाउजमदी हात घातला. एकदा नाय, तीनदा. ह्या महिन्यातच. पयल्यांदा मना वाटला, चुकून झाला. तिसऱ्या टायमाला त्यानं दाबला आनि बोलला, आज काय लपवलंस? आनि हसला. मी त्याचा हात धरून काढला. पोरी बघत होत्या."

मी सगळं ऐकलं. आणि हात लिहीत होता तो हा मजकूर: "संबंधित सुपरवायझर यांनी तपासणीच्या वेळी तीन प्रसंगी माझ्याशी अनुचित वर्तन केले. त्यामुळे माझ्या मनास अत्यंत क्लेश झाले. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."

"सगला लिवलास ना?" तिनं विचारलं.

"हो ताई, सगळं आलं त्यात."

तिनं सही केली. तिला सहीपुरतं येत होतं. मी कागद वाचून दाखवला नाही. मला तेव्हा खरोखर वाटत होतं की सगळं आलंय. तिचे शब्द मी कागदावर येऊ दिले नाहीत, कारण तो कागद मॅडम वाचणार होत्या, हिशेबातले सर वाचणार होते, आणि ते शब्द माझ्या अक्षरात असणार होते. काकांना वाचवायचं माझ्या मनात होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या दिवशी लवंग आठवली होती, एवढं नक्की.

तक्रारीची प्रत काकांना दिली गेली. दहा दिवसांत त्यांचं उत्तर आलं, त्यांच्या पुतण्यानं टाइप केलेलं. दुपारच्या पाळीला बाई रक्षक नसल्यानं झडती घेणं हे माझं कामच आहे, घाईत कधी हात लागला असेल, त्यांना ते अनुचित वाटलं असल्यास दिलगीर आहे. बस्स एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "बघ ना, तीही अनुचितच म्हणते, तोही तेच म्हणतो. गैरसमज दिसतो. त्याला समज देऊ आणि तिला विक्रोळीच्या गोदामात पाठवू, म्हणजे दोघं समोरासमोर यायला नकोत."

विक्रोळीला आमचं सुकं पॅकिंग होतं. मी ताईला ते सांगायला खाली गेले. ती सुरमईचे तुकडे करत होती. हात न थांबवता तिनं ऐकलं.

"मड कुठं, विक्रोली कुठं," ती म्हणाली. "होडीनं वेसाव्याला उतरायचा, मंग अंदेरी, मंग त्या टोकाला. घरी कवा येऊ मी? सासू अंथरुनात हाय माजी."

"तुमच्याच सोयीसाठी म्हणतायत, ताई."

आता मात्र तिनं सुरा खाली ठेवला. "मी काय केला गं? तो ऱ्हानार न् मी जानार? तसा असंल तं मना नोकरी सोडावी लागंल, एवढा त्यांना सांग."

नवरा गेल्यावर तिनं वाट्याची होडी विकली होती. बाजारातली बसायची जागा दिराकडे गेली होती. गाळ्यातलं हे टेबल तेवढं तिच्या कष्टांनी तिला मिळालेलं होतं. गैरसमज ठरला असता तर ते जाणार होतं. हे मी वर जाऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुनावणीत बघू."

सुनावणी पोटमाळ्यावरच झाली. टेबलाच्या एका बाजूला आम्ही चौघं, समोर ताई. काकांना वेगळं बोलावणार होते. घाटकोपरच्या बाई त्या दिवशी पहिल्यांदाच कागद नीट बघत होत्या. त्यांनी चष्मा वर केला आणि मला म्हणाल्या, "तक्रार वाच गं त्यांना. आपण काय धरून बसलोय ते त्यांना कळू दे."

मी वाचली. नम्र विनंतीपर्यंत वाचली.

ताई म्हणाली, "हा कोनाचा हाय?"

"तुमचीच तक्रार आहे," मॅडम म्हणाल्या.

"माजी नाय. मनास क्लेश कोनाला झाला? त्यानं ब्लाउजमदी हात घातला. दाबला. मी हात धरून काढला. ता कुठं हाय ह्याच्यात?"

हिशेबातले सर खुर्चीत चुळबुळले. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही आज नव्यानं सांगताय. लेखी तक्रारीत असं काही नाही. खाली सही तुमची आहे."

"पहिल्यांदा एक आणि नंतर दुसरं," सर हळूच म्हणाले. "चौकशीत हे टिकायचं नाही."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलेन याची वाट बघत होती असंही नाही. नुसती बघत होती. मला आमच्या गावचा ओटा आठवला नाही, आई आठवली नाही, काहीच आठवलं नाही. नोकरी जाईल, हा विचार आला. मग मी बोलले.

"त्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शब्दन् शब्द. मी बदललं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तू काय बोलतेस ते कळतंय का तुला?"

घाटकोपरच्या बाईंनी हातानं त्यांना थांबवलं. "तिनं शब्द सांगितले होते ना तुला? मग बदललेस का?"

"वाईट दिसत होते, बाई."

"कुणाला?"

मी मॅडमकडे आणि सरांकडे बघितलं.

"लिहून झाल्यावर वाचून दाखवलं होतंस?"

"नाही."

"तुला ठाऊक होतं ना, की वाचून दाखवायचं असतं?"

"हो."

बाईंनी तो कागद आपल्या पुढ्यात ओढला. त्यांचा आवाज चढला नाही, पण मऊही झाला नाही. "मग तू आता समितीत बसू शकत नाहीस. तू साक्षीदार आहेस. ऊठ तिथून."

मी उठले. खुर्ची उचलून टेबलाला वळसा घातला आणि ताईच्या बाजूला, तिच्यापासून जरा अंतरावर ठेवली. ती बाजूला सरकली नाही आणि जवळही आली नाही.

माझा जबाब सरांनी लिहून घेतला. त्या दिवशी ताई किती वाजता आली, कुठे उभी होती, काय म्हणाली, मी काय लिहिलं. दुपारच्या पाळीला बाई रक्षक नसताना तक्त्यात मी "आहे" लिहीत होते, तेही मी सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं. मॅडम खिडकीकडे बघत होत्या.

नंतर ताईचा जबाब नव्यानं घेतला. तो घाटकोपरच्या बाईंनी स्वतः लिहिला. ताई बोलायची, बाई लिहायच्या, मध्येच थांबून विचारायच्या, "हाच शब्द ना?" आणि ताई मान हलवायची. दीड पान झालं. बाई वाचून दाखवायला लागल्या तेव्हा ताई म्हणाली, "तुमी नको. ती वाचू दे." आणि माझ्याकडे बोट केलं.

मॅडम म्हणाल्या, हे नियमात बसत नाही. बाईंनी क्षणभर विचार केला. "तक्रारदारानं कुणाकडून वाचून घ्यायचं हे तिनं ठरवावं. लिहिलंय मी, कागद माझ्यासमोर आहे. वाचू दे."

मी उभी राहून वाचू लागले. सुरुवातीची वाक्यं गेली. मग छातीसाठी ताईनं वापरलेला तो शब्द आला. माझ्या आयुष्यात मी तो मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता, पुरुषासमोर तर नाहीच. मी तिथेच थांबले. सर टेबलाकडे बघत होते.

"वाच ना," ताई म्हणाली. "मना झाला ता झाला. तुना वाचाया काय झाला?"

मी वाचलं. ती म्हणाली, "परत." दुसऱ्यांदा अडखळले नाही. मग तिनं सही केली.

चौकशी पुढे चालली. झडतीच्या वेळी बघणाऱ्या मुलींपैकी दोघी साक्षीला आल्या. त्यातली एक आधी नाही म्हणत होती. मी वाचलेलं ताईचं म्हणणं जिन्याखाली ऐकू आल्यावर आली, असं तिनंच मला नंतर सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत घाईत हात लागला एवढंच धरून ठेवलं. तीनदा घाई कशी झाली, हे त्यांना सांगता आलं नाही. दोन्ही बाजूंच्या साक्षी तपासून आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल समितीनं दिला आणि कंपनीनं त्यांना कामावरून काढलं.

जायच्या दिवशी ते आपली पिशवी घेऊन जिन्याखाली उभे होते. मी खाली उतरत होते. "तुका पोरीसारखी वागवली मी," ते म्हणाले. ते खरं होतं. ज्या हातानं त्यांनी मला लवंग दिली होती त्याच हातानं हे केलं होतं, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी बाजूला झाले, ते गेले.

मला लेखी ताकीद मिळाली. समितीवरून काढलं. मला ते योग्य वाटलं, आजही वाटतं. दुपारच्या पाळीला महिला रक्षक आली, झडतीसाठी दाराशी पडदा लावला गेला. मॅडम पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत. पण त्यांनी मला काढलं नाही, आणि पुढच्या तिमाहीचा तक्ता भरायच्या आधी त्या स्वतः दोन्ही पाळ्यांना दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, हेही नमूद केलं पाहिजे.

मला अनेकांनी शिकवलं. त्यांतल्या बहुतेकांचे मी आभार मानले आहेत. मराठीच्या सरांचेही मानते. अक्षर त्यांनीच दिलं. पण राग नसलेला अर्ज हा ज्याच्याकडे जातो त्याच्या सोयीचा असतो, हे मला एका निरक्षर बाईनं शिकवलं, आणि ते शिकताना नुकसान माझं नाही, तिचं होणार होतं. तिचे आभार मानायला मी गेले नाही. ते तिच्यावर आणखी एक ओझं झालं असतं.

अहवालाची प्रत तक्रारदाराला मिळते. ती न्यायला ताई वर आली. नऊ पानं होती. तिनं ती हातात घेऊन चाळली, जशी मासळीचा वाटा घेताना वरची उचलून खालची बघतात तशी.

"हे बाहेर कुणाला दाखवायचं नसतं, ताई," मी सांगितलं. "नियम आहे."

"दाखवाया नाय. मना ठेवाया." मग तिनं पानं माझ्यापुढे धरली. "ह्याच्यात माजा कुठला?"

मी चौथं पान काढलं. घाटकोपरच्या बाईंनी तिचं म्हणणं अवतरणात, जसंच्या तसं घातलं होतं. साडेतीन ओळी होत्या. मी बोट ठेवून सुरुवात दाखवली आणि शेवट दाखवला. तिनं अंगठ्याच्या नखानं त्या ओळींखाली दाबून एक रेघ ओढली. कागदावर नुसता वळ उठला.

"बाकीचा काय हाय?"

"कायद्याची भाषा आहे. कलमं वगैरे."

"विक्रोली हाय का कुठं?"

"नाही. तुमचं टेबल इथेच, असं शेवटच्या पानावर लिहिलंय."

"वाच."

मी शेवटचं पान उघडलं आणि तिला ते वाक्य वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, आणि मला आणखी एकदा वाचायला लावलं.